योगविद्येला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद

लोणावळा म्हटले की आपणांपैकी बहुतेकांना घाटातली गाडी, पावसाळी धुके आणि सुट्टीहून परतताना घेतलेली चिक्कीची पुडकी आठवतात. परंतु याच गावात गेल्या शतकात एका मराठी माणसाने असे एक कार्य उभे केले, की ज्यामुळे योग हा विषय मठ आणि गुहा सोडून प्रयोगशाळेत, ग्रंथालयात आणि महाविद्यालयाच्या वर्गात येऊन बसला. स्वामी कुवलयानंद हे ते पुरुष होत. आज योगाचा बोलबाला सर्व जगभर आहे; तो ज्यांनी अपार कष्टाने घडवून आणला त्यांच्यापैकी या आद्य संशोधकाचे स्मरण मात्र क्वचितच होते. बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना तर त्यांचे चरित्र विशेष जवळचे वाटावे. कारण त्यांचा जन्म, शिक्षण आणि योगदीक्षा ही तिन्ही महाराष्ट्राच्या सीमेबाहेर झाली.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोद्याजवळील डभोई या गावी झाला. गायकवाडांच्या राजवटीमुळे त्या मुलखात अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली होती. घरात मराठी आणि बाजारात गुजराती हा त्यांचा नित्याचा व्यवहार. वडील शिक्षक होते. घरची परिस्थिती बेताची, इतकी की काही काळ इतरांच्या साहाय्यावर निर्वाह करावा लागला. अशा स्थितीत शिकून १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत या मुलाने संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. ही शिष्यवृत्ती त्या काळी विद्वत्तेचे प्रमाणपत्रच मानली जात असे. तिच्या बळावर गुणे बडोदा कॉलेजात दाखल झाले. अरविंद घोष त्या वेळी तेथे अध्यापन करीत होते. त्यांच्या विचारांचा आणि लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा या तरुणाच्या मनावर खोल ठसा उमटला. आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवेस वाहून घ्यावयाचे हा निश्चय याच वयातला.

देशसेवेची त्यांची कल्पना मात्र सभा आणि भाषणे एवढ्यापुरती मर्यादित नव्हती. दुबळ्या शरीराचा समाज स्वातंत्र्य मिळवू शकत नाही आणि मिळाले तरी टिकवू शकत नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणून १९०७ ते १९१० या काळात त्यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली देशी व्यायामपद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले. पुढे ते खानदेशात अमळनेर येथे आले. खानदेश शिक्षण मंडळाच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. राष्ट्रीय बाण्यामुळे त्या महाविद्यालयावर सरकारची अवकृपा झाली व ते बंद पडले. परंतु शिक्षकाचा पिंड काही बदलला नाही. पुढील सर्व आयुष्यात गुण्यांनी जे जे केले ते मूलतः एका शिक्षकाने केलेले काम होते, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यांच्या चरित्राची संगती लागते.

१९१९ साली त्यांच्या जीवनाला वळण लागले. नर्मदेच्या काठी मालसर येथे परमहंस माधवदासजी नावाचे वयोवृद्ध योगी राहत असत. ते मूळचे बंगालचे. देशभर भ्रमण करून अखेरीस गुजरातेत स्थिरावलेले. वंगभूमीतून आलेला गुरू, डभोईचा मराठी शिष्य आणि मध्ये वाहणारी नर्मदा असा हा योग जुळून आला. माधवदासजींनी शिष्याला हठयोगातील अनेक क्रिया शिकविल्या. त्यांचा प्रत्यय गुण्यांना स्वतःच्या देहात येऊ लागला. आणि याच ठिकाणी त्यांच्यातील श्रद्धावान साधक व चिकित्सक विद्यार्थी समोरासमोर उभे राहिले. अनुभव येतो हे खरे. पण तो का येतो? मला येतो तसाच इतरांना येईल काय? ग्रंथांत सांगितलेली कारणे आणि शरीरशास्त्रात सांगितलेली कारणे यांचा मेळ कसा घालावयाचा? दुसरा एखादा शिष्य गुरुवचनावर भार टाकून स्वस्थ बसला असता. गुण्यांना ते शक्य झाले नाही.

१९२०-२१ साली त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना बडोद्याच्या रुग्णालयात नेले आणि उड्डियान बंध व नौली या क्रियांच्या वेळी पोटात काय घडते याची तपासणी केली. आज ही गोष्ट साधी वाटेल. परंतु त्या काळी आपली बहुतांश सुशिक्षित मंडळी योगाला जादूटोण्याच्या पंगतीत बसवीत होती आणि साधुसंत मंडळी ही विद्या गुप्त राखण्यातच तिचे पावित्र्य मानीत होती. हठयोगाच्या ग्रंथांतही ती झाकून ठेवावी असाच उपदेश आहे. अशा वेळी गुरूने दिलेली विद्या यंत्रापुढे नेऊन उभी करणे हे धाडसच होते. यंत्राने उलट उत्तर दिले असते तर? हा धोका त्यांनी जाणूनबुजून पत्करला. १९२१ साली माधवदासजींनी देह ठेवला आणि पुढची वाट गुण्यांना एकट्यानेच चालावी लागली.

१९२४ च्या ऑक्टोबरात, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली. स्वामी कुवलयानंद या नावाने ते यापुढे ओळखले जाऊ लागले. त्याच वर्षी योगमीमांसा हे इंग्रजी त्रैमासिक त्यांनी सुरू केले. आश्रमाबरोबरच प्रयोगशाळा आणि प्रयोगशाळेबरोबरच नियतकालिक ही त्यांची योजना त्या काळी अपूर्व होती. नियतकालिकाची रचनाही शिक्षकाला शोभेल अशीच. एका विभागात प्रयोगांचे शास्त्रीय वृत्तांत, दुसऱ्यात त्यांचे काहीसे सुगम विवेचन आणि तिसऱ्यात सामान्य वाचकाला घरी करता येतील अशा आसनादिकांची माहिती. ज्याची जेवढी तयारी तेवढे त्याने घ्यावे, असा हा विचार होता.

त्यांच्या प्रयोगांचे एक उदाहरण येथे देणे इष्ट होईल. हठयोगात बस्ती नावाची शुद्धिक्रिया आहे. साधक पाण्यात बसून कोणत्याही पिचकारीवाचून आतड्यात पाणी वर ओढून घेतो. हे पाणी वर कसे चढते याविषयी नाना तर्क केले जात. कुवलयानंदांनी क्ष-किरणांच्या व पाऱ्याच्या दाबमापकाच्या साहाय्याने दाखवून दिले, की नौली करताना पोटाचे उभे स्नायू पुढे काढले असता मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा खाली जातो आणि त्यामुळे पाणी आपोआप आत शिरते. या अंशतः निर्वात अवस्थेला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव देऊन माधवदास निर्वात असे संबोधिले. चमत्काराचे वलय गेले, पण क्रियेचे मोल कमी झाले नाही. आणि गुरूचे नाव समाधीच्या शिळेवर न कोरता शास्त्राच्या परिभाषेत कोरले गेले. गुरुदक्षिणेचा हा प्रकार खरोखरीच आगळा म्हटला पाहिजे.

दुसरे उदाहरण याहूनही बोलके आहे. प्राणायामाने शरीराला नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, ही समजूत तेव्हाही सर्वत्र होती आणि आजही आहे. योगाचा प्रचार करणाऱ्याला ही समजूत किती सोयीची! कुवलयानंदांनी श्वासोच्छ्वासाची मोजमापे घेतली आणि ही कल्पना खरी नसल्याचे आपल्याच नियतकालिकातून सांगून टाकले. प्राणायामाचे महत्त्व त्यांनी नाकारले नाही; ते मज्जासंस्थेवरील ताबा, शरीरांतर्गत दाबांतील बदल आणि चित्ताची स्थिरता यांत शोधले पाहिजे, असे त्यांचे मत होते. आपल्या बाजूचा परंतु खोटा युक्तिवाद स्वतःच्या हाताने मोडून टाकावयाचा, यास मोठे मनोबल लागते. माझ्या मते कुवलयानंदांची खरी योगसाधना येथे दिसते. सत्य हा योगशास्त्रातील यमांपैकी एक आहे आणि त्यांनी तो प्रयोगशाळेतही पाळला.

संस्थेचा लौकिक हळूहळू पसरू लागला. १९२७ साली महात्मा गांधींची प्रकृती बिघडली असता त्यांनी आसने व विश्रांती यांविषयी कुवलयानंदांचा सल्ला घेतला आणि उभयतांत पत्रव्यवहार झाला. १९३२ साली मुंबईत संस्थेची शाखा निघाली. पुढे सौराष्ट्रात राजकोट येथेही कार्य सुरू झाले. मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांवर त्यांनी काम केले आणि शाळांच्या व्यायामक्रमात योगासनांना स्थान मिळावे म्हणून खटपट केली. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहानन, जे मूळचे केरळचे, ते लोणावळ्यास राहून शिकले आणि १९३७ साली त्यांचा योगाच्या शास्त्रीय परीक्षणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आसने आणि प्राणायाम यांवरील कुवलयानंदांची पुस्तकेही याच दशकातली. त्यांत पूर्ण अभ्यासक्रम, संक्षिप्त अभ्यासक्रम अशी पायरीपायरीची आखणी आहे आणि कोणी कोणते आसन करू नये याच्या सूचनाही आहेत.

तथापि त्यांच्या मनातील चित्र याहून मोठे होते. योग हा केवळ व्यायाम नव्हे, केवळ उपचारही नव्हे. तो उच्च शिक्षणाचा विषय आहे, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या सुमारास, लोणावळ्यास गोवर्धनदास सेक्सरिया योग व सांस्कृतिक समन्वय महाविद्यालय निघाले, ते याच श्रद्धेचे फळ. योगाचे तत्त्वज्ञान, मूळ संस्कृत ग्रंथ, शरीरशास्त्र आणि प्रत्यक्ष साधना ही सर्व अंगे एकत्र शिकविणारे, परीक्षा घेणारे आणि शिक्षक तयार करणारे असे महाविद्यालय त्यापूर्वी देशात ऐकिवात नव्हते. नावातील सांस्कृतिक समन्वय हे शब्दही विचारपूर्वक योजिलेले आहेत. भारतीय अध्यात्म आणि पाश्चात्त्य विज्ञान यांनी एकमेकांना पारखून घ्यावे, एकाने दुसऱ्याला गिळू नये, हा त्यांचा आशय. एकीकडे डॉ. शुक्ल यांच्या सहकार्याने गोरक्षशतकाचे संपादन आणि दुसरीकडे डॉ. विनेकर यांच्यासह लिहिलेला योगोपचारावरील ग्रंथ अशी दुहेरी कामगिरी त्यांनी उत्तरायुष्यात केली. हा दुसरा ग्रंथ १९६३ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयातर्फे दिल्लीहून प्रसिद्ध झाला. ज्या विद्येला एकेकाळी सुशिक्षित समाज हसत होता तिच्यावरील पुस्तक सरकारने छापावे, हा चाळीस वर्षांच्या चिकाटीचा विजय होता. १८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, स्वामीजींनी इहलोकीची यात्रा संपविली. पुढे त्यांचे शिष्य स्वामी दिगंबरजी यांनी कार्याची धुरा वाहिली. २०२४ साली कैवल्यधामाने शतकाचा टप्पा गाठला.

आज काळ किती पालटला आहे! २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून पाळला जातो. २०२० च्या महामारीने तर शिक्षणाची सारी घडीच बदलून टाकली. योगाचे आणि भारतीय तत्त्वज्ञानाचे पदवी-पदविकेचे अभ्यासक्रम आता संगणकाच्या पडद्यावर घरबसल्या करता येतात. कैवल्यधामही या मार्गाने शिकविते. आपल्या वसाहतींतली तरुण मुले, निवृत्त मंडळी, घरच्या लेकीसुना असे वर्ग करताना दिसतात. गुरू कोणत्या गावात आणि शिष्य कोणत्या, याचा पत्ताही पुष्कळदा एकमेकांना नसतो. काहींना यात विद्येचा अधःपात दिसतो. परंतु शंभर वर्षांपूर्वी टपालाने दूरदूरच्या अपरिचित वाचकांकडे त्रैमासिक धाडणाऱ्या कुवलयानंदांनी या दूरस्थ शिक्षणाची पहिली वाट पाडली होती, हे विसरून चालणार नाही. विद्या गुरूच्या नजरेआड गेली की तिच्यासोबत काय पाठवावयाचे, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. पारखून घेतलेले ज्ञान, क्रमवार आखलेला अभ्यास, धोक्याची स्पष्ट सूचना आणि जे सिद्ध झाले नाही ते सिद्ध झाले असे न म्हणण्याचा प्रामाणिकपणा, एवढी शिदोरी त्यांनी बरोबर दिली.

पडद्यावरील एखादा आचार्य सर्व रोगांवर रामबाण उपायाची हमी देऊ लागला, किंवा प्राचीन म्हणूनच सत्य माना असे सांगू लागला, म्हणजे ही शिदोरी त्याच्यापाशी आहे काय हे आपण अवश्य पाहावे. तसेच सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राने योग हस्तगत झाला असे वाटू लागले, तर संस्थेला कैवल्याचे नाव देणाऱ्या या पुरुषाने ध्येय किती दूरवर ठेवले होते तेही आठवावे. दाब, श्वास आणि नाडी यंत्राने मोजता येतात; त्यांच्या पलीकडील वाट साधकाने स्वतःच चालावयाची असते. डभोईच्या एका गरीब शिक्षकाच्या मुलाने ही दोन्ही सत्ये एकाच आयुष्यात सांभाळून दाखविली. लोणावळ्याहून जाण्याचा योग आला, तर चिक्कीच्या दुकानापुढे थोडे जाऊन कैवल्यधामाच्या आवारात घटकाभर अवश्य थांबावे आणि मुलांनाही हे नाव सांगावे.