पुढे काय झालं असेल? मलिक अंबरचं चरित्र वाचताना

जुन्नर-आंबेगावच्या मुलांना शिवरायांचं चरित्र वाचायला द्या आणि मध्येच थांबून पुढे काय होईल ते विचारा. सगळा वर्ग एका सुरात उत्तर देईल, कारण गोष्ट पाठच असते. हा अंदाज नव्हे, आठवण झाली. म्हणून माहितीपर वाचनात अंदाज बांधायला शिकवताना मी मलिक अंबर घेते. नातं आपल्याच गावाशी, पण शेवट मुलांना ठाऊक नसतो. चरित्राच्या कागदाला घड्या घाला आणि एकेक घडी उघडत चला.

जन्म सुमारे १५४८ चा, आफ्रिकेतल्या इथिओपियातला. लहानपणीच त्याला गुलाम म्हणून विकलं. हातोहात विकला जात तो बगदादला गेला. तिथल्या मालकाने त्याला शिकवलं. पुढे दख्खनेत निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. (पेशवा म्हटलं की मुलांना पुणंच आठवतं, तेव्हा मुख्य प्रधान असं आधीच सांगा.) हा चंगेजखानही एकेकाळी हबशी गुलामच होता.

इथे थांबा. बहुतेक मुलं सांगतात, बिचारा राबूनच मरणार. चूक म्हणू नका. कोणत्या वाक्यावरून वाटलं, एवढंच विचारा. मग कुणीतरी मालकाने शिकवल्याच्या वाक्यावर बोट ठेवतं, कुणी गुलामाचा पेशवा झाल्याच्या. अंदाज तिथेच बदलतो. जुना अंदाज मात्र खोडू देऊ नका, वहीत राहू दे.

पुढची घडी. चंगेजखान गेला, अंबर मोकळा झाला, त्याने स्वतःचं सैन्य उभारलं. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतलं. तरी त्याने निजामशाही घराण्यातला वारस गादीवर बसवला आणि १६०७ च्या सुमारास राजधानी आणली ती आपल्या जुन्नरला! निजामशाहीची सुरुवातही इथूनच झाली होती.

नंतर त्याने खडकी वसवली, म्हणजे पुढचं औरंगाबाद. एवढ्या वस्तीला पाणी कुठून आणलं असेल? माणिकडोह आणि डिंभे पाहिलेली आपली मुलं धरण म्हणणारच. अनुभवावरचा अंदाज आहे, फळ्यावर लिहा. मग घडी उघडा: जमिनीखालून नहर खोदून, नुसत्या उताराच्या जोरावर पाणी शहरात आणलं. फळ्यावरचं धरण आणि कागदावरचा नहर शेजारी-शेजारी दिसले की दोन्हींत काय फरक, हे मुलं आपणहून वाचायला घेतात. या घडीला घाई करू नका, तास गेला तरी चालेल.

शेवटच्या घडीत १६२४ ची भातवडीची लढाई येते. मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र, समोर पंचाहत्तरीतला अंबर. हरणार, असंच वाटतं, तो जिंकला. १६२६ मध्ये तो वारला, कबर खुलताबादला आहे. भातवडीला त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले होते. अंबर वारल्यावर चारच वर्षांनी शहाजीराजांच्या घरी शिवनेरीवर काय झालं, हे विचारायची वेळच येत नाही. वर्ग आधीच ओरडतो.