पडवीतला पाळक

३० जानेवारी १९५६. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात बसमधील वर्णभेदाविरुद्ध बहिष्कार चालू होता. बॅप्टिस्ट पाळक डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पडवीत बॉम्ब फुटला. आत पत्नी व तान्ही मुलगी, दोघी बचावल्या. संतापलेले कृष्णवर्णीय बांधव शस्त्रे घेऊन जमले. किंग यांनी त्यांना वैऱ्यावर प्रीती करण्याची प्रभूची आज्ञा सांगून घरी पाठवले. पुढे मात्र त्यांनीच पिस्तुलाचा परवाना मागितला. शेवटी माणूसच! परवाना नाकारला गेला. नंतर मनाशी झगडून त्यांनी घरातले शस्त्रही दूर केले. १९५७ साली सहकारी पाळकांसह त्यांनी ‘सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स’ स्थापली. अहिंसेने अमेरिकेच्या आत्म्याचा उद्धार, हे तिचे ध्येय. १९५९ साली ते मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात राहिले. ४ एप्रिल १९६८ रोजी, सफाई कामगारांच्या संपासाठी मेम्फिसला गेले असता त्यांची गोळी घालून हत्या झाली. वय अवघे ३९.