रविवार मिळवून देणारा माणूस

वारूळवाडीत रविवार ओळखायचा कसा, असे कोणी विचारले तर मला चटकन उत्तर देता येणार नाही. शाळेला कुलूप असते, बँकेचे दार लोटलेले असते, आणि ओझर-लेण्याद्रीच्या गणपतीला निघालेल्या मोटारींची पुणे-नाशिक रस्त्यावर रीघ लागलेली असते. पुण्या-मुंबईची पोरेबाळे घरी आलेली असतात. पण रस्ता सोडून मळ्यात शिरलात, की वार विसरायला होते. फेब्रुवारीत द्राक्षाचा माल उतरायला आला, की मांडवाखाली सोमवार आणि रविवार सारखेच. मणी थांबत नाही, व्यापाऱ्याची गाडी थांबत नाही, म्हणून बायांचे हातही थांबत नाहीत.

अशाच एका रविवारी माझ्या मळ्यात घड काढताना एका बाईच्या बोटाला कात्री लागली. जखम खोल होती. मी तिला गाडीवर घालून नारायणगावला दवाखान्यात नेले, टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, डॉक्टरांचे पैसे मी भरले आणि तिला घरी सोडून आलो. त्यानंतर नऊ दिवस ती कामाला आली नाही. दहाव्या दिवशी आली. आठवड्याच्या हिशेबाला मी वहीत तिच्या नावापुढे त्या नऊ दिवसांचे नऊ टिंब दिले आणि बाकीच्या दिवसांची मजुरी तिच्या हातावर ठेवली. ती काही बोलली नाही. बोलण्यासारखे काही घडले, असे मलाही वाटले नाही. आमच्याकडची रीतच तशी आहे. दवाखाना मालकाचा, दिवस मजुराचे.

त्या सुमारास मी रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी मिळेल ते वाचत होतो. नऊ फेब्रुवारी ही त्यांची पुण्यतिथी. वाचता वाचता १८८४ सालच्या एका अर्जाशी आलो आणि थबकलो. त्या अर्जातली एक मागणी जणू माझ्या वहीतल्या टिंबांकडे बोट दाखवून लिहिली होती. ती कोणती हे सांगण्याआधी, ज्यांच्यामुळे आपण आज हा अंक निवांत वाचत बसलो आहोत, त्या माणसाची ओळख करून घेऊ.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. घराणे फुलमाळ्याचे, परिस्थिती गरिबीची, मूळ गाव आपल्या पुणे जिल्ह्यातले कन्हेरसर. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाले. त्या काळी, त्या घरात, हीच मोठी मजल होती. रेल्वेत आणि टपाल खात्यात काही काळ नोकरी करून ते मुंबईतल्या मांडवी गिरणीत भांडारपाल म्हणून लागले. गिरणीची पहिली ओळख त्यांना झाली ती या भांडाराच्या खिडकीतून.

त्या खिडकीतून दिसणारे जग कसे होते? मुंबईतल्या पहिल्या गिरणीची स्थापना १८५४ सालची. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत धुराड्यांची रांग उभी राहिली, पण आत विजेचे दिवे अजून आले नव्हते. सूर्य हेच घड्याळ. उजाडले की यंत्र सुरू, मावळले की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम मोठे, हिवाळ्यात दिवस लहान म्हणून काम थोडे कमी. दुपारी जेवायला ठरलेली सुट्टी नाही. आठवड्याची सुट्टी नाही. सणावाराला गिरणी बंद राही तेवढीच. पगार महिना उलटून गेल्यावर कधीतरी होई, आणि तोवर वाण्याची उधारी चढत जाई. यंत्रात हात सापडला तर हातही गेला आणि नोकरीही गेली. १८८१ साली पहिला कारखाना कायदा आला, पण त्यात कामाच्या तासांचा विचार होता तो फक्त लहान मुलांच्या. सात वर्षांखालील मुलाला कामावर घेऊ नये आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलाकडून नऊ तासांहून जास्त काम घेऊ नये, असे त्यात होते. मोठ्या माणसांच्या आणि बायांच्या तासांना कायद्यात मर्यादाच नव्हती.

लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. हा समाज १८७३ साली पुण्यात स्थापन झाला आणि आमच्या जुन्नर-ओतूर भागातही त्याची मुळे खोल गेली. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ हे पत्र काढले होते. ते चालवणे अवघड झाले, तेव्हा १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईत आणून स्वतःच्या अंगावर घेतले. गिरणीची खात्रीची नोकरी सोडून तोट्यातले वर्तमानपत्र चालवणे म्हणजे काय, हे घर चालवणाऱ्या कोणालाही समजेल. पण या पत्रामुळे गिरणीतले दुःख पहिल्यांदा छापील अक्षरात आले.

१८८४ साली मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. मालक तिथे आपली बाजू मांडणार हे उघड होते. कामगारांची बाजू कोण मांडणार? लोखंड्यांनी त्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या. तिथे ‘मुंबई गिरणी कामगार संघ’ उभा राहिला. आपल्या देशातल्या कामगार संघटनांची कुळकथा येथूनच सुरू होते. सभेत ठरलेल्या मागण्यांचा अर्ज सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी आयोगाकडे गेला.

मागण्या पाच होत्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सर्वांना सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. आणि पाचवी: कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, जन्माचे अपंगत्व आले तर त्याच्या निर्वाहाची सोय करावी.

ती पाचवी मागणी वाचून मी वही मिटली.

हा अर्ज पुन्हा वाचला की लक्षात येते ते त्याचे साधेपण. राज्य मागितलेले नाही, नफ्यात वाटा मागितलेला नाही. आठ तासांचा दिवससुद्धा मागितलेला नाही. तरीही मालकांना तो जड गेला. हा देश गरीब आहे, उद्योग नवा आहे, इतके लाड परवडणार नाहीत, असा सूर निघाला. आपल्याकडच्या बऱ्याच देशाभिमानी वर्तमानपत्रांनाही कारखाना कायद्यात लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा कावा दिसत होता. तो संशय अगदीच निराधार नव्हता; मुंबईचे कापड महाग व्हावे असे तिकडच्या मालकांना वाटतच होते. लोखंड्यांची अडचण अशी, की दोन मोठ्यांच्या भांडणात भरडला जाणारा तिसरा कोणाला दिसत नव्हता. तो दाखवत राहणे हे काम त्यांनी सहा वर्षे केले.

संघाला वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, नियमांचे पुस्तक नव्हते. होती ती एका संपादकाची चिकाटी आणि सह्या-अंगठ्यांचे कागद. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानात सभा भरली, तेव्हा दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रिया त्या सभेत बोलायला उभ्या राहिल्या. युरोपातल्या कामगारांनी १ मे हा दिवस पहिल्यांदा पाळला तो त्याच वर्षी, या सभेनंतर आठवड्याभराने. अखेर गिरणीमालकांच्या संघाने मागणी मान्य केली आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणूनच लोखंड्यांनी तो मागितला, असे मराठी घरांत सांगितले जाते.

त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगाच्या कामात मुंबईचे प्रतिनिधी म्हणून लोखंडे यांना घेण्यात आले. १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली, स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली आणि मुलांचे किमान वय नऊ झाले. पुरुषांच्या तासांवर मर्यादा यायला मात्र आणखी वीस वर्षे जावी लागली.

लोखंड्यांचे काम गिरणीच्या फाटकाशी थांबले नाही. विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी ठरवले, त्यामागे ते होते. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा झाला, तेव्हा समेटासाठी ते वस्त्यांतून हिंडले. पुढे सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. लोखंडे राहिले आणि रोग्यांसाठी त्यांनी मराठा इस्पितळ उघडले. त्याच कामात प्लेगने त्यांना गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, पन्नाशीही न गाठता, ते गेले. महिन्याभराने पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

आता जरा मुंबईच्या बाहेर पाहू. लोखंड्यांनंतर बावीस वर्षांनी, १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. १९२१ साली तिने कारखान्यांतील साप्ताहिक सुट्टीचा करार केला आणि १९२३ मध्ये हिंदुस्थानने तो मान्य केला. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या चोविसाव्या कलमात विश्रांती आणि फुरसत हा प्रत्येक माणसाचा हक्क म्हटला आहे. १९६६ साली आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा वेगळा करार झाला. भारत १९७९ साली त्यात सामील झाला. त्याचे सातवे कलम मी लोखंड्यांच्या अर्जाशेजारी ठेवून वाचले. योग्य मोबदला, सुरक्षित काम, विश्रांती, कामाच्या तासांना मर्यादा, ठरावीक काळाने पगारी सुट्टी. नववे कलम सामाजिक सुरक्षेचे. सुपारीबागेत जमलेल्या माणसांना हे वाचून दाखवले असते, तर त्यांना त्यात नवे फारसे काही वाटले नसते.

मतदानाचा, भाषणाचा हक्क आपण चटकन हक्क म्हणून ओळखतो. पोटाचा, दवाखान्याचा, विश्रांतीचा हक्क म्हटले की मात्र मन कचरते. त्याला पैसा लागतो, तो कुठून आणायचा, हा प्रश्न येतो. १९६६ च्या करारानेही ही अडचण ओळखली आणि राज्यांना सांगितले, की हाताशी असलेली साधने पुरेपूर वापरून टप्प्याटप्प्याने तिथे पोहोचा. आपल्या राज्यघटनेच्या ४३व्या कलमात कामगाराच्या फुरसतीचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत. त्यासाठी थेट न्यायालयात जाता येत नाही. परवडत नाही, हे उत्तर १८८४ साली होते आणि आजही आहे. लोखंड्यांचे मोठेपण मला यात दिसते, की परवडेल तेव्हा द्या असे त्यांनी म्हटले नाही. एवढे द्यावेच लागेल, ही खालची रेघ त्यांनी आखली आणि तिच्याखाली साडेपाच हजार माणसांच्या सह्या घेतल्या.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत होते. जुन्नर-आंबेगावची कितीतरी माणसे अशी मुंबईला गेली. गावकऱ्यांच्या खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीने झोपत. रविवारी पत्रे लिहिली जात, भजन होई, गावच्या देवळाची वर्गणी निघे. आमच्या घराची मागची भिंत त्या रविवारांच्या हिशेबातून उभी राहिली आहे. म्हणजे लोखंड्यांनी मिळवलेली सुट्टी माझ्या घरापर्यंत पोहोचली. माझ्या मळ्यापर्यंत मात्र मी ती येऊ दिली नव्हती.

मलाही परवडत नाही, हे मी स्वतःला सांगून पाहिले. अवकाळी पावसाने एका रात्रीत माल जातो, औषधांचा खर्च वाढतो, भाव आपल्या हातात नसतो, हे सगळे खरे आहे. पण नऊ दिवसांची मजुरी आणि माझ्या एका फवारणीचा खर्च समोरासमोर मांडला, तेव्हा ते खरे असूनही पुरेसे वाटले नाही.

पुढच्या हिशेबाला मी तिच्या हातावर त्या नऊ दिवसांचे पैसे ठेवले. हे कशाचे, असे तिने विचारले. बोटाचे, असे मी म्हटल्यावर तिने नोटा पुन्हा मोजल्या आणि पिशवीत ठेवल्या. आभार मानले नाहीत, आणि ते मला बरे वाटले. शेजारी उभ्या असलेल्या दुसरीने मात्र नेमके विचारले, की पुढच्या साली दुसऱ्या कोणाला लागले तरी असेच मिळणार का, की हे यंदापुरतेच.

मी हो म्हटले. पण नुसत्या तोंडाच्या शब्दाला उद्या उपकाराचा वास यायला लागतो, हे मला लोखंड्यांच्या अर्जाने शिकवले होते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर ते लिहिले, खाली सही केली आणि पान सगळ्यांना वाचून दाखवले. ऐकून झाल्यावर तिने विचारले, मग रविवारचे काय?

त्या ओळीची जागा वहीत अजून कोरी आहे.