शनिवारवाड्याच्या ‘नारायण दरवाजा’ला हे नाव कसं मिळालं? १८ वर्षांच्या पेशव्याच्या हत्येची कहाणी

पुण्यात शनिवारवाडा पाहायला येणारे बहुतेक जण भव्य दिल्ली दरवाजापाशी फोटो काढतात. वाड्याला एकूण पाच दरवाजे आहेत. त्यातल्या जांभूळ दरवाजाला ‘नारायण दरवाजा’ असंही म्हणतात. पेशवे नारायणराव यांचा मृतदेह अंत्यसंस्कारासाठी याच दरवाजातून बाहेर नेण्यात आला, म्हणून हे नाव पडलं, असं सांगितलं जातं. भुतांच्या गोष्टींमुळे हे नाव घरोघरी पोहोचलं. पण हे नारायणराव नेमके कोण होते?

धाकटा मुलगा, अचानक पेशवा

नारायणराव यांचा जन्म १० ऑगस्ट १७५५ चा. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे आणि गोपिकाबाई यांचे ते धाकटे चिरंजीव. ते पाच वर्षांचे असताना, जानेवारी १७६१ मध्ये थोरले बंधू विश्वासराव पानिपतावर पडले. त्याच वर्षी जूनमध्ये वडीलही गेले. मधले बंधू माधवराव पेशवे झाले. पण क्षयामुळे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला त्यांचंही निधन झालं. त्यामुळे वयाच्या १७ व्या वर्षी पेशवाईची वस्त्रं नारायणरावांकडे आली. राज्यकारभाराचा अनुभव त्यांना फारसा नव्हता आणि स्वभाव तापट होता.

काका-पुतण्याचा वाद काय होता?

नानासाहेबांचे भाऊ रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा यांचा पेशवेपदावर डोळा होता. १७६८ मध्ये धोडपच्या लढाईत माधवरावांनी त्यांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. मृत्यूपूर्वी माधवरावांनी काका-पुतण्यांत समेट घडवला, पण तो टिकला नाही. नारायणरावांच्या काळात राघोबादादांवर पुन्हा पहारा बसला. म्हणजे पेशवा आणि त्याचा प्रतिस्पर्धी एकाच वाड्यात राहत होते. दुसरीकडे, वाड्याच्या पहाऱ्यावरचे गारदी म्हणजे भाडोत्री शिपाई थकलेल्या पगारामुळे नाराज होते. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि कट शिजला.

३० ऑगस्ट १७७३ रोजी काय घडलं?

गणेशोत्सवाचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. दुपारी सुमेरसिंग गारदी आणि त्याचे साथीदार पगाराची मागणी करत वाड्यात घुसले. नारायणराव जीव वाचवण्यासाठी काकांच्या दालनाकडे धावले आणि त्यांना मिठी मारून विनवणी करू लागले. गारद्यांनी तिथेच त्यांच्यावर वार केले. धन्याला वाचवायला गेलेला चापाजी टिळेकर हा सेवकही मारला गेला. वाड्यातल्या इतर काही जणांचाही बळी गेला. नारायणराव तेव्हा अवघे १८ वर्षांचे होते. त्यांची कारकीर्द जेमतेम नऊ महिन्यांची ठरली.

‘ध चा मा’ खरंच झाला का?

राघोबादादांनी नारायणरावांना फक्त धरण्याचा हुकूम दिला होता. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी एक अक्षर बदलून ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, ही कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार तिच्यावरूनच आला. मात्र न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांनाच दोषी धरलं आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. तोवर राघोबादादा स्वतः पेशवे झाले होते. सत्तेवरच्या माणसाला असा निकाल सुनावून रामशास्त्री पुणे सोडून गेले.

पुढे काय झालं?

नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होत्या. नाना फडणवीस, सखारामबापू बोकील यांच्यासह कारभाऱ्यांनी राघोबादादांविरुद्ध एकजूट केली. हेच ‘बारभाईंचं कारस्थान’. गंगाबाईंना पुरंदरवर हलवण्यात आलं. तिथे १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले आणि अवघ्या ४० दिवसांच्या बाळाला पेशवा करण्यात आलं. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. १७७५ च्या सुरत तहातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. ते १७८२ च्या सालबाई तहानं थांबलं, पण मराठ्यांच्या घरच्या भांडणात इंग्रजांना शिरकाव मिळाला होता. सवाई माधवरावांचा शेवटही शनिवारवाड्यातच झाला. ऑक्टोबर १७९५ मध्ये वाड्यात उंचावरून खाली पडल्यानं वयाच्या २१ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

आज काय उरलंय?

१८२८ च्या आगीत वाड्यातल्या लाकडी इमारती जळाल्या. नारायणराव ज्या दालनांतून धावले, ती आता नाहीत. उरली आहेत जोती, तट, बुरूज आणि दरवाजे. पौर्णिमेच्या रात्री इथे नारायणरावांची हाक ऐकू येते, ही दंतकथा मात्र टिकून आहे. त्या हाकेच्या गोष्टीत गारद्यांचा थकलेला पगार येत नाही, चापाजी येत नाही आणि रामशास्त्रींचा निकालही येत नाही. पुढच्या वेळी शनिवारवाड्यात गेलात, तर दिल्ली दरवाजाबरोबर नारायण दरवाजाही नक्की पाहा.