यंत्रकार ओले एव्हिनरूड

पावसाळा सरला, की गोव्याच्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली झाकून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. होडीच्या पाठीमागे इंजिन अडकवून दोरी ओढावी, तर चार महिने स्वस्थ पडलेले ते यंत्र पुष्कळदा हूं की चूं करीत नाही. असे यंत्र घरोघरी पोहोचविणाऱ्या पुरुषाच्या आयुष्यातही असाच एक सक्तीचा विश्रांतिकाळ आला होता.

ओले एव्हिनरूडचा जन्म १९ एप्रिल १८७७ रोजी नॉर्वे देशात झाला. तो पाच वर्षांचा असताना त्याचे कुटुंब अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात येऊन शेती करू लागले. शालेय शिक्षण त्याला फारसे लाभले नाही. सोळाव्या वर्षी घर सोडून त्याने यंत्रशाळांत नोकरी धरली आणि रात्री पुस्तके वाचून यंत्रविद्या आत्मसात केली.

एकदा उन्हाळ्यात वाग्दत्त वधू बेस हिच्यासाठी आइस्क्रीम आणावयास तो सरोवरापलीकडे होडी वल्हवीत गेला; परत येईतो ते वितळून गेले, असे सांगतात. होडीला लावता येण्याजोगी इंजिने इतरांनीही केली होती. परंतु ओलेचे दीड अश्वशक्तीचे, ६२ पौंडांचे इंजिन भरवशाचे ठरले. १९०९ मध्ये मिलवॉकी शहरी त्याची विक्री सुरू झाली. पत्रव्यवहार व जाहिराती बेस पाहत असे. पुढे तिची प्रकृती ढासळली, तेव्हा ओलेने भरभराटीचा कारखाना भागीदारास विकला आणि पाच वर्षे हा धंदा न करण्याचे वचन दिले.

हात थांबले, तरी बुद्धी थांबली नाही. त्या अवधीत त्याने दोन सिलिंडरांचे, अॅल्युमिनियमचे, पहिल्याहून हलके परंतु अधिक बलवान इंजिन योजिले. जुन्या भागीदाराने ते नाकारले; तेव्हा पतिपत्नींनी ‘एल्टो’ नावाने नवा कारखाना काढला. १९२९ मध्ये जुना आणि नवा असे दोन्ही कारखाने एकत्र येऊन ओलेच त्यांचा प्रमुख झाला.

विद्यार्थिमित्रांनो, पडून राहिलेल्या इंजिनाचेही असेच असते. ते बहुधा मेलेले नसते, अडलेले असते. दोरीशी झटापट न करता क्रमाने शोध घ्यावा. जुने पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवते. म्हणून ते काढून छिद्रे स्वच्छ करावी व ताजे पेट्रोल भरावे. मग स्पार्क प्लग पुसून ठिणगी पडते का, हे जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावे. पंपातील रबरी चक्र ताठरले असल्यास बदलावे. इंजिन सुरू होताच थंड करणारे पाणी बाहेर पडते की नाही, तेही पाहावे. पाण्यावाचून चालविलेले इंजिन थोड्याच वेळात तापून बिघडते.

बेस १९३३ मध्ये निवर्तली. १२ जुलै १९३४ रोजी ओलेनेही देह ठेविला. त्याच्या नावाची इंजिने मात्र २०२० पर्यंत बनत होती. पाच वर्षांच्या विश्रांतीला त्याने गंज चढू दिला नाही, हेच त्याच्या चरित्राचे सार होय.