फादर स्टीफन्स आणि तुरुंगातला मित्र

'ख्रिस्तपुराण'कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव मराठी ख्रिस्ती भाविकांना परिचित आहे. परंतु ज्यांच्या सहवासात त्यांची तरुणपणीची श्रद्धा परिपक्व झाली, ते त्यांचे मित्र थॉमस पाऊंड मात्र आपल्याकडे जवळजवळ अज्ञातच राहिले आहेत.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. ते दहा वर्षांचे असताना, १५५९ च्या कायद्याने त्या देशात मिस्साबलिदानावर बंदी आली. कॅथलिक राहणे म्हणजे दंड, तुरुंग आणि प्रसंगी मृत्यू, अशा दिवसांत या तरुणाची पाऊंड यांच्याशी गाठ पडली.

पाऊंड वयाने दहा वर्षांनी मोठे, श्रीमंत आणि राणी एलिझाबेथच्या दरबारातील मानकरी. एका समारंभात राणीसमोर नृत्य करताना ते घसरून पडले आणि राणीने सर्वांदेखत त्यांचा उपहास केला, असे सांगतात. त्या क्षणी त्यांना दरबारी वैभवाचा फोलपणा उमगला. ते आपल्या बेलमाँट येथील घरी परतले, कॅथलिक ख्रिस्तसभेशी पुन्हा एकरूप झाले आणि उपवास, प्रार्थना व दानधर्मात दिवस घालवू लागले. (अपमानातून माणूस बहुधा कडवट होतो, पाऊंड झाले नाहीत, हे नमूद करण्याजोगे आहे.)

स्टीफन्स सुमारे दोन वर्षे त्यांच्यासोबत राहिले. संशय येऊ नये म्हणून प्रवासात ते पाऊंड यांच्या नोकराचा वेष घेत. दोघांनी मिळून रोमला जावे आणि येशूसंघात प्रवेश करावा, असा त्यांचा निश्चय झाला होता. परंतु तयारी चालू असतानाच पाऊंड यांना अटक झाली आणि स्टीफन्स यांना एकट्यानेच निघावे लागले. १५७५ साली रोममध्ये ते येशूसंघात दाखल झाले.

मित्राच्या सोबतीने पाहिलेले स्वप्न एकट्याच्या वाट्याला आले. पण स्टीफन्स मित्राला विसरले नाहीत. १५७८ साली त्यांनी येशूसंघाच्या महाप्रमुखांना विनंतिपत्र लिहून पाऊंड यांचे जीवन, तपश्चर्या आणि त्यांनी सोसलेला छळ सविस्तर कथन केला व त्यांना संघात घ्यावे, अशी याचना केली. जो कैदी नवदीक्षितांच्या आश्रमात पाऊलही ठेवू शकत नव्हता, त्याच्यासाठी ही विनंती होती. फादर मर्क्युरियन यांनी ती मान्य केली. १ डिसेंबर १५७८ च्या त्यांच्या पत्राने पाऊंड तुरुंगात असतानाच येशूसंघीय झाले. मित्राचे ऋण याहून चांगल्या रीतीने कोण फेडू शकेल?

चार महिन्यांनी, ४ एप्रिल १५७९ रोजी, स्टीफन्स लिस्बनहून जहाजात चढले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. पुढची चाळीस वर्षे त्यांनी येथेच, मुख्यतः साष्टी भागात, सेवाकार्य केले. १५८३ साली राल्फ फिच आदी इंग्रज व्यापारी कैदी म्हणून गोव्यात आणले गेले. ज्या राणीच्या राज्यात आपला मित्र कैदेत खितपत पडला होता, त्याच राज्यातून आलेल्या या लोकांच्या जामिनासाठी फादरांनी धावपळ केली.

येथील भाषांवर त्यांचे प्रेम जडले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सेनगावपासून जवळच असलेल्या नर्सीला संत नामदेवांचे जन्मस्थान मानतात. त्या परिसरात ओवी-अभंग ऐकत वाढलेल्या भाविकाला हा ग्रंथ वाचून दाखवला, तर त्याची चाल परकी वाटणार नाही.

इकडे पाऊंड यांची एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात रवानगी होत राहिली. सुमारे तीस वर्षे त्यांनी कैदेत काढली. १५८० साली संत एडमंड कॅम्पियन यांनी आपल्या श्रद्धेचे प्रसिद्ध निवेदन लिहिले, तेही पाऊंड यांच्याच आग्रहावरून. पुढच्याच वर्षी कॅम्पियन हुतात्मा झाले. पाऊंड मात्र वृद्धपणी सुटून घरी आले आणि १६१५ साली, जेथे जन्मले त्याच बेलमाँटच्या घरी, त्यांनी देह ठेवला. फादर स्टीफन्स १६१९ साली गोव्यात प्रभुचरणी विलीन झाले. पाऊंड यांच्या अटकेनंतर हे दोघे मित्र पुन्हा कधीही भेटले नव्हते.