नारायण सूर्याजी ठोसर : जांबच्या कुळकर्ण्यांचे घर आणि समर्थचरित्राचे कागद

समर्थ रामदासांचे चरित्र बहुधा लग्नमंडपातून पळालेल्या मुलापासून सुरू होते. जो मागे राहिला त्या घराकडे चरित्रकारांचे लक्ष क्वचितच जाते. ते घर जुन्या अंबड तालुक्यातील जांब या गावी होते. आज हे गाव जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात मोडते आणि जांबसमर्थ या नावाने ओळखले जाते. ठोसर हे आडनाव, जमदग्नी गोत्र, देशस्थ ऋग्वेदी शाखा आणि गावचे कुळकर्ण ही या घराची ओळख. वडील सूर्याजीपंत, आई राणूबाई, थोरला मुलगा गंगाधर (१६०५) आणि धाकटा नारायण. नारायणाचा जन्म चैत्र शुद्ध ९, शके १५३० म्हणजे १६०८ चा.

सतराव्या शतकात जन्ममृत्यूची सरकारी नोंद होत नसे. माणूस कागदावर येई तो तीन वाटांनी: जातक मांडले गेले तर, तीर्थोपाध्यायाच्या वहीत यात्रेला आलेल्या घराने आपली वंशावळ लिहून दिली तर, अथवा वतनाचा तंटा उभा राहिला तर. यांपैकी तिसरी वाट इतिहासाच्या अभ्यासकाला सर्वांत फलदायी ठरली आहे. वतन हे वाटणीयोग्य धन असल्याने भाऊबंदांत तक्षिमा पडत, तंटा गोतापुढे जाई आणि प्रत्येक पक्ष आपला करीना सादर करी. मूळ पुरुष कोण, तो कोठून आला, त्याला वतन कोणी दिले, त्याला मुलगे किती आणि कोणाचा वंश खुंटला, हे सारे करिन्यात येते. मग साक्षी होत, महजर लिहिला जाई, पाटलाच्या नावापुढे नांगर आणि कुळकर्ण्याच्या नावापुढे लेखणी-दौत अशा निशाण्या पडत. मराठी माणसाने आपल्या पूर्वजांविषयी लिहिलेल्या सर्वांत जुन्या सलग गद्याचा मोठा भाग असा भांडणातून निर्माण झाला आहे. आपला हक्क सिद्ध करण्यासाठी तो लिहिलेला असल्यामुळे तो तपशिलात नेमका आणि हेतूत पक्षपाती असतो. ही गोष्ट समर्थचरित्राकडे वळताना ध्यानात ठेवावी लागते.

नारायणाचे बालपण निजामशाहीच्या मुलखात गेले. जमिनीची प्रतवारी आणि सारा बांधून देणारा मलिक अंबर त्या काळी राज्याचा कारभार पाहत होता, आणि त्या व्यवस्थेचे शेवटचे टोक म्हणजे गावचा कुळकर्णी. लावणीची पाहणी, वसुलाची बाकी, रयतेची खाती या सर्वांचे लेखन त्याच्या घरी होई. सूर्याजीपंत १६१५ मध्ये वारले. परंपरेनुसार पुढे पाच वर्षांनी, बारा वर्षांच्या वयात, नारायणाने घर सोडले. वतनाच्या हिशेबात याचा अर्थ साधा होता. दोन भावांपैकी एकाची तक्षीम रिकामी राहिली आणि घराचा, गावाचा व वंशाचा भार गंगाधरपंतांवर आला. गंगाधरपंत हे श्रेष्ठ किंवा रामी रामदास या नावाने ओळखले जातात आणि 'भक्तिरहस्य' व 'सुगमोपाय' ही प्रकरणे त्यांच्या नावावर आहेत. धाकट्याच्या तेजात थोरल्याचे लेखन झाकले गेले, हे वाङ्मयेतिहासातील एक अन्यायाचे उदाहरण म्हणावे लागेल.

कुळकर्ण्याच्या घरातील संस्कार धाकट्याने घराबरोबर टाकला नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिलेला आहे. अक्षराचे वळण, ओळींमधील अंतर, लेखणी, शाई आणि कागद यांची इतकी बारीक चर्चा मध्ययुगीन मराठी संतवाङ्मयात अन्यत्र सहसा आढळत नाही. हा समास अध्यात्माच्या चौकटीत बसवण्याची धडपड टीकाकारांनी केली आहे. दप्तर राखणाऱ्या घरातून आलेल्या माणसाचा तो स्वाभाविक विषय आहे, एवढे मानले तर धडपडीची गरज उरत नाही. रामदासी मठांची नकला करण्याची शिस्तही येथूनच उगम पावते. कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात टिकली ती याच शिस्तीमुळे.

टाकळी येथील बारा वर्षे आणि त्यानंतरचे बारा वर्षांचे तीर्थाटन यांची माहिती संप्रदायाच्या परंपरेतून येते. टाकळीच्या वास्तव्याच्या अखेरीस १६३०-३१ चा दुष्काळ पडला, तीर्थाटनाच्या काळात १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. १६४४ च्या सुमारास समर्थ कृष्णाकाठी आले, १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभे राहिले. येथून पुढे चरित्राला कागदाचा आधार मिळू लागतो. मठाला धान्य, रोकड, जमीन मिळाली की सनद होते, अंमलदाराला ताकीदपत्र जाते आणि माणसाचे नाव दप्तरात शिरते. ज्याने वतन सोडले त्याचे नाव इनामाच्या कागदांनी राखले, हा योगायोग मौजेचा आहे.

शिवाजी महाराजांशी पहिली भेट १६४९ मध्ये की १६७२ मध्ये, हा वाद विसाव्या शतकाच्या आरंभापासून गाजला. गो. का. चांदोरकरांनी उजेडात आणलेल्या, केशव गोसावी यांनी दिवाकर गोसावींना लिहिलेल्या १६७२ च्या पत्राने त्याला तोंड फुटले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी संप्रदायाची जुनी तिथी उचलून धरली. १६७८ च्या विजयादशमीच्या चाफळ सनदेच्या अस्सलपणाविषयीही विद्वानांत एकमत नाही. वाद करणाऱ्यांचा भर दोघांच्या नात्यावर राहिला. मठाच्या व्यवस्थेविषयी हे कागद काय सांगतात, याची चर्चा त्या मानाने थोडी झाली.

राणूबाई १६५५ मध्ये आणि श्रेष्ठ १६७७ मध्ये गेल्याचे परंपरा सांगते. समर्थांनी माघ वद्य ९, शके १६०३ रोजी सज्जनगडावर देह ठेवला. अनेक पुस्तकांतून हे वर्ष १६८१ असे छापलेले आढळते. शकात ७८ मिळवण्याच्या सवयीचा हा परिणाम आहे. माघ महिना इंग्रजी वर्ष पालटल्यावर येतो, म्हणून ती तिथी जानेवारी १६८२ मध्ये पडते. घराण्यांच्या वंशावळींत पौष-माघातील असंख्य मृत्यू अशाच रीतीने एक वर्ष मागे ढकलले गेले आहेत.

निधनानंतर काही महिन्यांतच तंटा उभा राहिला. समर्थांना औरस वंश नव्हता. मठ, उत्सव आणि इनामे यांची वहिवाट दिवाकर गोसावींनी पाहावी की उद्धव गोसावींनी, हा प्रश्न संभाजी महाराजांपर्यंत गेला. १६८२ च्या आज्ञापत्रांत समर्थांच्या अखेरच्या इच्छेचा आधार घेऊन दिवाकरांचा कारभार मान्य केलेला दिसतो. शिष्यांमधील हा कजिया भाऊबंदकीच्या भाषेतच लढला गेला. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याला वेगळे वळण लागले. श्रेष्ठांचे वंशज गंगाधरस्वामी यांना जांबेहून आणून गादीवर बसवण्यात आले. नारायणाने मोकळी केलेली तक्षीम शंभरएक वर्षांनी त्याच्याच भावाच्या वंशाकडे, पण कृष्णाकाठी, परत आली.

या घटनेचा समर्थवाङ्मयाशी निकटचा संबंध आहे. समर्थांचे सर्वाधिक प्रचलित चरित्र म्हणजे हनुमंतस्वामींची बखर, आणि हनुमंतस्वामी हे गादीवरील याच घराण्यातील. गिरधरस्वामींच्या 'समर्थप्रतापा'त शिष्याची भक्ती बोलते. बखरीत जांबचे घर, तेथील पूर्वज, त्यांची सूर्योपासना आणि श्रेष्ठांचा अधिकार यांना मोठी जागा मिळते. मूळ पुरुषापासून आरंभ, वतनाचा उगम, दोन भाऊ, वंशाची शाखा आणि शेवटी वर्तमान धनी, ही बखरीची मांडणी करिन्याची आहे. तीतील मजकूर म्हणून खोटा ठरत नाही. पण तो कोणत्या हक्काच्या बाजूने लिहिला गेला हे वाचकाने विसरू नये. बखरीतील चमत्कार गाळले की इतिहास उरतो, ही समजूत अनेक दशके प्रचलित होती. वस्तुतः चमत्कारांपेक्षा वंशावळीचा भागच अधिक काळजीने तपासण्याजोगा आहे.

हे तपासण्याची साधने देवांनी गोळा केली. १८७१ मध्ये जन्मलेले देव धुळ्याचे वकील होते आणि १८९३ मध्ये त्यांनी सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली. मठांतून बाडे, पत्रे आणि सनदा मिळवून त्यांनी 'रामदास आणि रामदासी' मालेतून त्या प्रसिद्ध केल्या आणि १९०५ मध्ये डोमगावच्या प्रतीवरून दासबोध छापला. कागदाची तारीख, शिक्का, हस्ताक्षर, तो कोणाच्या ताब्यात सापडला, हे विचारण्याची सवय वकिलीने त्यांना दिली असावी. संप्रदायावरील निष्ठेने त्यांचे काही निष्कर्ष झुकले, पण विरुद्ध पक्षाचे कागदही त्यांनी दडवले नाहीत.

कृष्णाकाठच्या कागदांना असे संग्राहक लाभले. जांबची बाजू अवघड राहिली. सातारा प्रांतातील इनामे इनाम कमिशनपुढे येऊन त्यांच्या नकला दप्तरात बसल्या. अंबडचा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील महसुली लेखन फारशी, मोडी व पुढे उर्दू अशा तीन लिपिपरंपरांत विखुरले. चाफळच्या सनदा वाचणाऱ्याला मोडी पुरते. जांबच्या एका शेताची चार पिढ्यांची नोंद जुळवायची तर मोडी वाचणारा, फारशी शिक्का ओळखणारा आणि उर्दू खासरापत्रक लावणारा असे तिघे एका ठिकाणी बसावे लागतात.